उन्हाचा भार छपरावर

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, औद्योगिक वसाहतीलगत वाढलेल्या नागापुरात घर बांधणारा धनी उकाड्याच्या बंदोबस्तासाठी भिंती जाड करतो आणि छपराचा विचार सर्वांत शेवटी, तोही काटकसरीने करतो. वस्तुतः सुमारे 19 अंश अक्षांशावरील या मुलखात मेच्या मध्यास सूर्य मध्यान्ही थेट माथ्यावर येतो, सबब उन्हाचा मुख्य भार छपरावरच पडतो आणि दक्षिणेकडील भिंतीस त्या दिवसांत त्याची झळ अल्पच लागते.

पक्के घर ते थंड घर, हाही असाच एक रूढ गैरसमज. जुन्या घरांच्या माळवदावर वीतभराहून जाड पांढऱ्या मातीचा थर असे आणि दुपारची उष्णता त्यातून खाली उतरेपर्यंत रात्र पडून बाहेर गारवा आलेला असे; उलट चार-पाच इंची स्लॅबमधून ती दोन-तीन तासांतच खोलीत उतरू लागते व रात्री उशिरापर्यंत उतरत राहते. पत्र्याला तेवढाही विलंब लागत नाही, मात्र सूर्यास्तानंतर तो लवकर निवतो, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. माळवद गळे, पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकावी लागे. लोकांनी ते सोडले यात मूर्खपणा मुळीच नव्हता.

छपरास चुना देणे हा गरिबाचा तात्पुरता इलाज मानला जातो. परंतु स्वच्छ पांढरा पृष्ठभाग निम्म्याहून अधिक ऊन परतवतो, आणि 2010 च्या प्राणघातक उष्म्यानंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा करणाऱ्या अहमदाबाद महानगरपालिकेने पुढे छपरे पांढरी करण्याची तजवीजही त्यात केली. कारखान्यांच्या शेजारी धुळीने हा रंग लवकर काळवंडतो; तो वेळोवेळी धुवावा, पुन्हा द्यावा लागतो.

कूलर लावून खिडक्या घट्ट मिटणे ही तर घरोघरची चूक. कूलरची युक्ती नगरला नवी नाही; येथील निजामशाहीतील फराहबाग महाल तलावाच्या मधोमध बांधला गेला. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते, हे तत्त्व तेथे आणि कूलरमध्ये एकच. दमट हवेस बाहेर वाट नसेल तर ते निष्फळ ठरते, आणि श्रावणात तसेही त्याचे फारसे चालत नाही.

आता कायदाच हे सारे पाहील, असेही म्हटले जाते. केंद्र सरकारने 2018 साली जाहीर केलेल्या इको निवास संहितेने छपरातून येणाऱ्या उष्णतेस मर्यादा घातली खरी, परंतु ती 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींकरिता होती. कामगारांच्या भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या बहुधा त्याहून लहान जागेवर उभ्या असतात.