चहात बुडवलेले जहाज

आमचे सासरे पस्तीस वर्षे गोदीत सुतार होते. पाडवा झाला की ते कायमचे देवगडला जाणार, असे यंदा ठरले. तेव्हा त्यांना स्वतःच्या हातचे काहीतरी द्यावे, असे माझ्या मनाने घेतले. मुंबईत बांधलेल्या एखाद्या जहाजाची प्रतिकृती! सौ.ने फक्त एवढेच विचारले, "तुम्हांला जमेल?"

जहाज निवडले 'त्रिंकोमाली'. इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला म्हणून ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधली गेली. कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया. तिचे नकाशे घेऊन निघालेले 'जावा' जहाज १८१२ साली अमेरिकनांनी वाटेतच पकडले, म्हणून ते पुन्हा पाठवावे लागले! शेवटी १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली, आणि अजून इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागवानच ते!

प्रमाण घेतले १:९६, म्हणजे इंचाला आठ फूट. दीडशे फुटांचा डेक पावणेएकोणीस इंचांत बसला. बाहेरून जहाज काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवायचे, तेव्हा लाकूड दिसायचे ते डेकवरच. डेक होता प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा. लोखंडी कपाटावर सागवान उमटवणारे रंगारी मी पाहिले होते. त्यात काय मोठेसे? झकास तपकिरी रंग दिला, रेघा ओढल्या, जागोजाग गाठी काढल्या. गाठींवर तर मी फारच खूष होतो.

सासरे पाठीमागे कधी येऊन उभे राहिले, कळलेच नाही.

"जावईबापू, हा डेक चहात बुडवला होता काय?"

मी गप्प.

"आणि एवढ्या गाठी? असली फळी आम्ही बाजूला काढायचो. गाठ निसटली की पाणी खाली!"

मग त्यांनी मला गॅलरीत नेले आणि खिडकीच्या चौकटीची बाहेरची बाजू दाखवली. सागवानच, पण वर्षानुवर्षे तेलपाणी नाही. ऊनपावसाने ते करडे, रुपेरी झाले होते. तपकिरीचा मागमूस नाही!

रात्री हिशेब केला. माझी अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या जहाजावर ४८ मिलिमीटरची झाली असती. म्हणजे जवळजवळ दोन इंचांची नाली! आठ इंची फळी इथे जेमतेम दोन मिलिमीटरची. तेवढ्यात रेघा दिसायच्याच नाहीत. दिसायची ती फळीफळीतली छटा.

सगळे खरवडून पुन्हा आरंभ केला. खाली फिकट करड्या-पिवळसर ॲक्रिलिकचा हात देऊन तो दिवसभर वाळू दिला. मग एकाआड एक फळी चिकटपट्टीने झाकून उरलेल्यांना किंचित गडद छटा दिली. त्यावर 'रॉ अंबर' तैलरंग अगदी नावापुरता फासायचा, बराचसा कापडाने टिपून घ्यायचा आणि कोरडा, राठ, चपटा कुंचला फळीच्या लांबीने एकाच दिशेने ओढायचा. दाब मुळीच नको. कुंचल्याचे केस जे काही ठेवून जातील तेवढेच लाकूड. हात चुकलाच तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावे. खालचा ॲक्रिलिक वाळलेला असला म्हणजे हलत नाही. तैलरंग वाळायला मात्र चांगले चार-पाच दिवस लागतात. घरात दिवाळीची साफसफाई चाललेली, त्यामुळे माझे जहाज कपाटावर, आणि कपाट पुसायला बंदी! सौ.ने ती मोठ्या मनाने मान्य केली. अखेर चमक मारण्यासाठी बिनचकाकीचे वॉर्निश.

पाडव्याला सकाळी सासऱ्यांनी जहाज हातात घेतले. चष्मा कपाळावर चढवून ते उजेडाकडे वळले आणि बराच वेळ डेक न्याहाळत राहिले. बोट लावले नाही.

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले. मग नाळेजवळ नख नेऊन थांबले. "पण शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एका रेषेत आलेत. हे कोणी मारले?"

जहाज देवगडला गेले नाही. ते माझ्या टेबलावर आहे. सांधे बदलून झाले की मीच घेऊन जाणार आहे.