पायविहीरचे सीताफळाचे रान

अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी वसलेल्या पायविहीर या गावाच्या ग्रामसभेस २०१२ साली वनहक्क कायद्यान्वये १९२ हेक्टर उजाड वनाचा सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याच्या 'खोज' या संस्थेने साहाय्य केले. राखण मात्र गावाने स्वतः केली, हे विशेष होय. रोजगार हमीतून चर खोदले, झाडे लाविली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. चराई थांबली म्हणजे जुन्या खोडांना फुटवे येतात व चरांत मुरलेले पाणी त्यांस पोसते. येथील सीताफळे मुंबईस जाऊ लागली. फळाचे डोळे उकलून फटी पिवळसर दिसताच ते कठीण असतानाच तोडावे. पिकलेले फळ प्रवासात टिकत नाही. असा दावा करावयाचा असल्यास ग्रामसेवकांनी प्रथम ग्रामसभेकडून १० ते १५ सभासदांची वनहक्क समिती निवडून घ्यावी. तीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.