काटकोन : मोजलेला आणि सिद्ध केलेला

पांढुर्णा व सौंसर या तहसिलींत अनेक घरांची भाषा मराठी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातून या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. त्यामुळे येथील पुष्कळ मुले घरी 'त्रिकोण', 'वर्तुळ', 'काटकोन' म्हणतात, तर हिंदी पाठ्यपुस्तकात त्यांना 'त्रिभुज', 'वृत्त', 'समकोण' हे शब्द भेटतात. शब्द निराळे असले तरी सिद्धता एकच असते, आणि शेतातही ती उपयोगी पडते.

संत्र्याची झाडे सामान्यतः ६ मीटर अंतरावर चौरस पद्धतीने लावतात. त्यासाठी धुऱ्याशी काटकोनात एक रेषा आखावी लागते. हा कोन एका अंशाने चुकला, तर १०० मीटर अंतरावर रेषा सुमारे पावणेदोन मीटर सरकते. मधल्या त्रिकोणी पट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ८७ चौरस मीटर, म्हणजे दोन झाडांच्या जागेहून अधिक भरते. हीच रेषा दोन भावांच्या वाटणीची असेल, तर तंट्याचे बीज तेथेच पडते. शाळेतील कोनमापकावर लहानात लहान खूण साधारणतः एका अंशाचीच असते. म्हणून केवळ मोजण्यावर विसंबून चालत नाही.

आखणीची रीत

धुऱ्यालगत सरळ दोरी ताणावी. जेथे काटकोन हवा तेथे 'प' ही खुंटी ठोकावी. शेतात आत, 'प' च्या अगदी समोर नव्हे तर थोडी बाजूला, 'म' ही खुंटी ठोकावी. न वाढणारा दोर 'म' ला बांधून 'प' पर्यंत ताणावा व तेवढ्याच लांबीवर फिरवावा. तो धुऱ्याच्या दोरीला पुन्हा जेथे मिळेल ते 'अ'. आता 'अ' व 'म' यांच्या सरळ रेषेत, 'म' च्या पलीकडे, त्याच लांबीवर 'ब' ही खुंटी ठोकावी. 'पब' ही रेषा धुऱ्याशी काटकोन करते.

असे का होते ?

'अ', 'प' व 'ब' ही बिंदुत्रयी 'म' केंद्र असलेल्या एकाच वर्तुळावर आहे आणि 'अब' हा त्याचा व्यास आहे. 'मअ' व 'मप' समान असल्याने त्रिकोण 'मअप' समद्विभुज आहे. म्हणून 'मपअ' हा कोन 'अ' पाशी असलेल्या कोनाएवढा आहे. त्याचप्रमाणे 'मपब' हा कोन 'ब' पाशी असलेल्या कोनाएवढा आहे. अर्थात 'प' पाशी होणारा पूर्ण कोन हा 'अ' व 'ब' या कोनांच्या बेरजेइतका झाला. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते. तिचा अर्धा भाग एकट्या 'प' कडे आला, म्हणून तो कोन ९० अंशांचा.

या युक्तिवादात दोर किती लांब आहे, हे कोठेही आलेले नाही. त्यामुळे दोर पाच हातांचा असो वा पन्नास हातांचा, निष्कर्ष तोच राहतो. शंभर कोन मोजले तरी एकशे एकाव्याची खात्री मिळत नाही. ती सिद्धतेने मिळते.

शिक्षकांनी हा प्रमेय मैदानावर खुंट्या ठोकून शिकवावा, 'म' ची जागा विद्यार्थ्यांनाच निवडू द्यावी, आणि फळ्यावर दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी लिहाव्यात. मग प्रमेय पाठ करण्याची गरज उरणार नाही.