पाच अमिनो आम्लांची करामत

सकाळी उठल्यावर बोटं ताठ, मूठ वळत नाही, तासाभराने कुठे सांधे मोकळे होतात. रूमेटॉइड आर्थरायटिसची, म्हणजे आमवाताची, ही ओळखीची खूण. ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणत कित्येक बायका हे दुखणं अंगावर काढतात. पण ब्रिटनमधल्या एका पाहणीत एकसारख्या जुळ्यांपैकी एकीला हा आजार असला, तर दुसरीला तो असण्याचं प्रमाण जेमतेम १५ टक्के निघालं. जनुकं तीच असूनही!

मग जनुकं करतात काय? १९७०च्या दशकात अमेरिकेत पीटर स्टॅस्टनी यांना रुग्णांमध्ये एचएलए-डीआर या जनुकाचा डीआर४ हा प्रकार जास्त आढळला. तो नसलेल्यांनाही आजार होतच होता. १९८७मध्ये ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की धोक्याच्या वेगवेगळ्या प्रकारांच्या प्रथिनात ७० ते ७४ या जागांवरची पाच अमिनो आम्लं जवळजवळ सारखीच आहेत.

एचएलए-डीआर प्रथिनाचं काम म्हणजे इतर प्रथिनांचे तुकडे खाचेत धरून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवणं. धोक्याच्या प्रकारांत त्या पाच आम्लांमुळे या खाचेतल्या एका खळग्यावर धन विद्युतभार असतो. आर्जिनिन हे अमिनो आम्लही धनभारित, त्यामुळे ते तिथे बसत नाही. दाह झाला की पीएडी विकरं आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. त्यावर भार नसतो, म्हणून ते खळग्यात नीट बसतं, आणि शरीराचंच प्रथिन टी-पेशींना परकं वाटू लागतं. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरची ‘अँटी-सीसीपी’ चाचणी शोधते, ती याच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं. मला या साऱ्या संशोधनातला हा दुवा सर्वांत विलक्षण वाटतो.

आर्जिनिनचं सिट्रुलिन होण्याचा हा बदल फुप्फुसात धूम्रपानाने वाढतो. स्वीडनमध्ये २००६साली दिसलं, की धोक्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांना अँटी-सीसीपी असलेल्या आजाराचा धोका, या दोन्ही गोष्टी नसलेल्यांच्या २१ पट होता.

इतर जनुकं शंभरावर आहेत, पण एकेकाचा वाटा छोटा. त्यांपैकी पीटीपीएन२२ या जनुकातला युरोपीय लोकांत महत्त्वाचा ठरलेला बदल जपानी लोकांत जवळपास सापडतच नाही. म्हणून युरोपातली यादी जशीच्या तशी आपल्याला लावू नये.

अँटी-सीसीपी प्रतिपिंडं सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात दिसू शकतात. तेव्हाच उपचार केले तर? ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४मध्ये आले, अशा लोकांना वर्षभर अ‍ॅबाटासेप्ट हे औषध दिलं. वर्षाअखेर ६ टक्के जणांना आजार झाला, औषध न मिळालेल्यांत २९ टक्क्यांना. औषध थांबल्यावर मात्र हे अंतर पुढच्या वर्षभरात बरंच कमी झालं.