राजाबाई टॉवर : आराखडा लंडनचा, उभारणी मुंबईची

विद्येच्या वास्तू : लेखांक ६

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने स्थापन झालं, पण पुढची कित्येक वर्षं त्याला स्वतःचं छप्पर नव्हतं. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या पहिल्या तुकडीला १८६२ मध्ये पदवी मिळाली, तेव्हा विद्यापीठाचा कारभार टाऊन हॉलच्या आश्रयाने चालत होता. पदवीधर आधी आणि इमारत नंतर, असा हा क्रम होता.

इमारतीला जागा मिळाली ती किल्ल्याचा तट पडल्यामुळे. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी उतरवली गेली आणि पश्चिमेला समुद्राकडची मोकळी जमीन हाती आली. आजच्या ओव्हल मैदानाच्या कडेला सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट ओळीने उभी राहिली.

पैसा आला कापसातून. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापूस आणि शेअर बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, आणि आणखी दोन लाख मनोऱ्यासाठी. अट एकच होती : मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं. राजाबाई जैन, सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नेम. दृष्टी अधू असल्याने वेळ कळावी म्हणून लेकाने घंटांचा मनोरा बांधवला, अशी आख्यायिका आजही सांगतात.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि प्रेमचंदांचं साम्राज्यही कोसळलं. पण विद्यापीठाला दिलेली देणगी सुरक्षित राहिली. त्या तेजीत कागदावर उभ्या राहिलेल्या किती कंपन्या बुडाल्या! शिक्षणात घातलेला पैसा मात्र दगड होऊन टिकला.

आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. गॉथिक शैलीतलं त्या काळातलं हे फार मोठं नाव. सेंट पँक्रस स्टेशनचं भव्य हॉटेल त्यांचंच. स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. नकाशे बोटीने आले आणि बांधकाम इथल्या माणसांनी केलं. सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झालं. ग्रंथालय आणि मनोऱ्याचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

मनोरा २८० फूट उंच आहे. कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा दगड त्यासाठी वापरला. पायाशी तो चौकोनी आहे आणि वर गेल्यावर अष्टकोनी होतो. मान वर करून नीट पाहिलं, तर कोनाड्यांत आणि कोपऱ्यांवर माणसं दिसू लागतात. अशा पुतळ्यांची संख्या २४. युरोपातल्या गॉथिक मनोऱ्यावर या जागी संत किंवा राजे असते. इथे पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं आहेत : मराठा, पारसी, कच्छी, गुजराती वाणी, आपापल्या पागोट्या-पोशाखांसह. या पुतळ्यांचे नमुने घडवले ते साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी.

मला या इमारतीचं मर्म इथे सापडतं. सांगाडा परदेशी आहे, हे खरं. पण त्याला चेहरा मुकुंद रामचंद्रांनी दिला, आणि तो चेहरा रस्त्यावरच्या मुंबईकरांचा आहे. ज्या विद्यापीठात शिकायला ही माणसं येणार होती, त्याच्याच माथ्यावर ती आधी जाऊन उभी राहिली. या वास्तूला केवळ ‘इंग्रजांनी बांधलेली’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. पैसा पारसी आणि जैन व्यापाऱ्यांचा, दगड कुर्ल्याचा, हात इथल्या पाथरवटांचे.

आता विद्यापीठाचे बहुतेक विभाग कलिन्याला आहेत, पण फोर्टमधला हा परिसरच त्याची ओळख आहे. ग्रंथालय आणि मनोऱ्याची मोठी डागडुजी २०१५ मध्ये पूर्ण झाली. काळवंडलेला दगड उजळला, रंगीत काचा पुन्हा झळकल्या. २०१८ मध्ये ओव्हलभोवतालच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींबरोबर ही वास्तूही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

चर्चगेटला उतरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी ओव्हलच्या कडेने चालत जावं आणि ते पुतळे शोधावेत. आणि कुणाला हा मनोरा दाखवाल, तेव्हा स्कॉटच्या नावाबरोबर मुकुंद रामचंद्र हे नावही आवर्जून सांगा.

(पुढील लेखांकात : पुण्याच्या गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान विद्यापीठ कसं झालं?)