जुन्या जीपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बदलताना: आधी फ्यूज, मग पाना

हा भाग ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, आणि गाडीखाली शिरणार असाल तर आधी वाचाच.

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याच्याकडे जुनी जीप चेरोकी आहे, एक्सजे मॉडेल, चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, फोर-व्हील-ड्राइव्ह. हायवेवर इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीहून जास्त. "दादा, घरीच बदलू का?" असा त्याचा प्रश्न.

बदलता येतो. पण थांब जरा.

खरंच गिअरबॉक्सच गेलाय का?

१९८७ ते २००१ च्या या चार लिटरच्या चेरोकींमध्ये जो ऑटोमॅटिक येतो तो एडब्ल्यू४, जपानच्या आयसिन-वॉर्नरचा चार गिअरचा. त्याचे गिअर बदलायचं ठरवतो एक छोटा कॉम्प्युटर. कधीकधी बिघाड त्या कॉम्प्युटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये असतो आणि आपण उगाच अख्खा गिअरबॉक्स उतरवून बसतो.

म्हणून आधी ही फुकटातली परीक्षा. इंजिन बंद करून ट्रान्समिशन कॉम्प्युटरचा फ्यूज काढा. आता गिअर हाताने टाकायचे: लिव्हर १-२ वर ठेवला की पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा. दुसरा मिळणार नाही. हे तिन्ही नीट लागले तर आतली यंत्रणा बहुतेक शाबूत आहे, दोष विजेचा शोधा.

आपल्या मित्राचा पहिला गिअर धड होता. तिसरा आणि चौथा घसरत होते, रिव्हर्सही आळसावलेला. या गिअरबॉक्समध्ये तिन्हींसाठी एकच क्लच लागतो. डिपस्टिकवरचं तेल तपकिरी, जळकट वासाचं. म्हणजे निदान पक्कं.

भंगारातून आणताना

तिकडे भंगार यार्डात हा गिअरबॉक्स मिळतो, पण दोन गोष्टी पाहा. एक, तो फोर-व्हील-ड्राइव्हचाच हवा. टू-व्हीलच्या गिअरबॉक्सला ट्रान्सफर केस बसत नाही. दोन, मागच्या शाफ्टचे दाते मोजा. जुन्यांना २१, तर साधारण १९९१ पासूनच्यांना २३. तुमच्या ट्रान्सफर केसशी ते जुळले नाहीत, तर सगळी मेहनत पाण्यात.

उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गाडी सपाट काँक्रीटवर, चार भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. गिअरबॉक्ससाठी ट्रान्समिशन जॅक भाड्याने घ्या. हे वजन छातीवर झेलायचं नसतं.

मग तेल काढा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट खुणा करून सोडा, कूलरच्या नळ्या, वायरी, ट्रान्सफर केस. बेलहाउसिंगवरचा क्रँक सेन्सर आठवणीने काढा, तो चिरडला तर गाडी स्टार्टच होणार नाही. टॉर्क कन्व्हर्टरचे चार बोल्ट इंजिन हाताने फिरवत एकेक सोडा. सगळ्यात त्रास देतात वरचे दोन बोल्ट. त्यांचं डोकं उलट्या टॉर्क्सचं, ई१२ सॉकेट लागतं. मधला आधार काढून गिअरबॉक्सची शेपूट थोडी खाली केली की लांब एक्स्टेन्शन तिथवर पोचतं.

बसवताना: इथेच माती होते

कन्व्हर्टरची मान गिअरबॉक्समधल्या पंपाला फिरवते. ती पंपाच्या खाचांत पूर्ण बसायलाच हवी. कन्व्हर्टर आत ढकलत हळूहळू फिरवायचा. तो टप्प्याटप्प्याने, ठक् ठक् करत आत जातो. एका ठक्वर खूश होऊ नका.

आपला मित्र इथेच अडला. गिअरबॉक्स इंजिनला लावला, तर बोटभर फट उरली. रात्रीचे साडेअकरा. सोबतचा म्हणाला, "बोल्ट आवळ, येईल जवळ." बोल्ट आवळले असते तर फट मिटली असती आणि पंप फुटला असता. त्याने गिअरबॉक्स परत खाली घेतला, कन्व्हर्टर फिरवला, आणि अजून एक ठक्! सकाळी दोन्ही तोंडं हाताच्या जोरावर मिळाली. नियम हाच: फट हाताने मिटली पाहिजे, बोल्टने नव्हे.

कूलर आणि नळ्या धुतल्याशिवाय जोडू नका. जुन्या क्लचचा चुरा तिथे साठलेला असतो, तो नव्याच्या पोटात जाईल. शेवटी थ्रॉटलची केबल जुळवा: बटण दाबून केबल मागे ढकला, सोडा, मग थ्रॉटल पूर्ण उघडा.

डेक्सरॉन जातीचं तेल थोडं थोडं भरा. पूर्ण रिकाम्या गिअरबॉक्सला सात-आठ लिटर लागतं. गाडी सुरू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा आणि गरम झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

दोन दिवसांचं काम चार दिवसांत झालं. काल त्याचा मेसेज आला, त्यात शब्द एकही नव्हता, फक्त गिअर बदलल्याचा आवाज.

तुमचा प्रश्न असाच आवाजात पाठवा. भेटू पुढच्या भागात!