काडी पेटवायची की खिडकी उघडायची?

चिंचपोकळी स्टेशनवर उतरून लालबागकडे गेलं, की ‘गॅस कंपनी लेन’ लागते. दगडी कोळशापासून केलेल्या गॅसवर मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे जळायचे, त्या जमान्यातलं हे नाव. याच भागात मी दहावीच्या मुलींना सायन्स शिकवते. ‘‘बाई, वायू दिसत नाही, मग ओळखायचा कसा?’’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला!

उत्तर सोपं आहे. पेटती काडी परीक्षानळीच्या तोंडाशी नेल्यावर ‘फट्’ आवाज झाला, तर हायड्रोजन. विझून नुसता निखारा उरलेली काडी आत घालताच भडकली, तर ऑक्सिजन. ओला तांबडा लिटमस कागद निळा झाला तर अमोनिया, आणि त्याचा रंगच उडाला तर क्लोरीन.

कार्बन डायऑक्साइड तर घरीही ओळखता येतो. पानाचा थोडा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी अलगद काढा आणि स्ट्रॉने तिच्यात फुंका. निवळी दुधाळ होईल. मुलं करत असतील तर जवळ थांबा, निवळी तोंडात जाऊ देऊ नका.

काडीची परीक्षा मात्र प्रयोगशाळेतच! नळीत वायू असतो चिमूटभर, स्वयंपाकघरात खोलीभर. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा असा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं वासाचं रसायन घालतात. हवेत हा गॅस साधारण २ टक्के झाला, तरी ठिणगीने भडका उडू शकतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून ओट्याखाली साचतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, तो वर छताकडे जातो.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण लावूही नका, बंदही करू नका. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. एरवी नळीची तपासणी साबणाच्या फेसाने करावी. बुडबुडे आले की गळती समजावी. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गॅसगळती झाली, तेव्हा रुग्णांना वेळेत हलवल्यामुळे जीवितहानी टळली.

एका वायूपुढे मात्र नाकाचंही काही चालत नाही. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास. बंद बाथरूममधला गॅस गिझर, दारं लावलेल्या खोलीतली कोळशाची शेगडी, यांतून तो तयार होतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं. आणि माणूस उठतच नाही.

म्हणूनच मैत्रिणींनो, घरात बाळंतीण असेल तर तिच्या बंद खोलीत शेक-शेगडीचा हट्ट धरू नका. आजेसासूबाई रागावल्या तरी चालेल. गरम पाण्याच्या पिशवीनेही शेक मिळतो, आणि बाळाला हवी असते ती मोकळी हवा.